मे महिन्यातलं ऊन आणि ऑक्टोबरमधला रिकामा कप्पा: नर डुकराला उन्हाळ्यातून कसं न्यायचं

विदर्भात वराहपालन सुरू केलं, त्या पहिल्याच उन्हाळ्यात माझे दोन्ही नर वाचले. नवतपा (मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) गेला, वळवाचा पाऊस पडला, नर उठून खायला लागले आणि मला वाटलं, सुटलो. जूनमध्ये माद्या माजावर आल्या तशा नराकडून भरवल्या. एकवीस दिवसांनी अर्ध्याहून जास्त उलटल्या, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर आल्या. ज्या गाभण राहिल्या त्या ऑक्टोबरात व्यायल्या आणि नऊ-दहाच्या जागी चार-पाच पिल्लं झाली. तोवर मी मादीचं खाद्य बदललं होतं, जंताचं औषध दिलं होतं, एक मादी विकलीही होती. दोष मादीत नव्हताच. मे महिन्यात जे नराच्या अंगात घडलं होतं, त्याचा हिशेब ऑक्टोबरात समोर येत होता.

नव्याने शेड टाकणारे बहुतेक जण याच ठिकाणी अडखळतात, म्हणून मी जे करतो ते क्रमाने लिहितो आहे. माझा अनुभव विदर्भातल्या कोरड्या उन्हाचा आहे. कोकण-गोव्यातल्या दमट उकाड्यात काही गोष्टी उलट्या कराव्या लागतात, त्या त्या जागी सांगितल्या आहेत.

1. आधी नराच्या अंगातलं घड्याळ समजून घ्या

डुकराला माणसासारखा घाम येत नाही. अंगाच्या मानाने फुप्फुसं लहान आणि कातडीखाली चरबीचा थर. अंगातली उष्णता बाहेर टाकायला त्याच्याकडे दोनच वाटा: धापणं आणि ओल्या अंगावरून वारा जाऊ देणं. म्हणून तो चिखल शोधतो. चिखलातलं लोळणं ही त्याची घाणेरडी सवय नाही, ती त्याची घाम येण्याची पद्धत आहे.

नराची अडचण आणखी एका कारणाने वाढते. शुक्राणू नीट तयार व्हायला वृषणाचं तापमान शरीरापेक्षा दोन-तीन अंशांनी कमी लागतं. वळूची किंवा बोकडाची पिशवी खाली लोंबते, उन्हाळ्यात आणखी सैल होते आणि थंड राहते. डुकराची वृषणं मागच्या बाजूला अंगाला चिकटून असतात. अंग तापलं की तीही लगेच तापतात.

आता हे घड्याळ. नवा शुक्राणू तयार व्हायला सुमारे पाच आठवडे लागतात. मग तो वृषणाला लागून असलेल्या गुंडाळीसारख्या नळीत पिकतो, त्याला आणखी दीड-दोन आठवडे. म्हणजे आज जे वीर्य मिळतं त्याची तयारी साधारण सात आठवड्यांपूर्वी सुरू झालेली असते. उन्हाचा मार सगळ्यात जास्त बसतो तो अर्धवट तयार झालेल्या शुक्राणूंना. त्यामुळे उष्णतेच्या लाटेच्या दिवशी नर चांगलं वीर्य देऊ शकतो आणि दोन-तीन आठवड्यांनी, पाऊस पडून गारवा आल्यावर, त्याचंच वीर्य बिघडलेलं निघतं.

कॅलेंडरवर मांडून पाहा. 20 ते 28 मे असा कडक ताव लागला, तर बिघाड जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात दिसायला लागतो आणि जुलैच्या मध्यापर्यंत रेंगाळतो. 10 जूनला भरवलेली मादी, गर्भकाळ 114 दिवसांचा धरला तर, 2 ऑक्टोबरच्या आसपास व्यायची. तिचा व्यायचा कप्पा रिकामा राहिला तर कारण मे महिन्यात शोधायचं.

बिघाड कसा असतो? शुक्राणूंची संख्या घटते, पळणारे कमी होतात, शेपटी गुंडाळलेले किंवा मानेला थेंब चिकटलेले जास्त दिसतात. काही शुक्राणू वरून ठणठणीत असतात, पण आतला आनुवंशिक धागा तुटलेला असतो. असा शुक्राणू अंड्यापर्यंत पोचतो, गर्भही धरतो, पण तो टिकत नाही. पिल्लांची संख्या कमी होते ती यामुळेही. शिवाय उन्हाने त्रासलेल्या नराची इच्छाच मंदावते. मादी समोर उभी असते आणि तो हुंगून बाजूला जातो.

2. किती तापमान म्हणजे जास्त

मोठा नर 20 अंशांच्या आसपास सुखात असतो. 27 च्या वर त्याच्या शरीराला काम पडायला लागतं, आणि 30 च्या वर काही दिवस सलग राहिलं की वीर्यावर परिणाम धरूनच चालायचं. हे वाचून विदर्भातला माणूस म्हणेल, मग आमच्याकडे मार्च ते जून नर ठेवूच नये! तसं नाही. रात्र गार मिळाली तर नर दिवसाचा बराच ताण उतरवतो. म्हणून मी दुपारच्या 45 पेक्षा पहाटेचा आकडा जास्त लक्ष देऊन पाहतो. पहाटेही शेडमध्ये 29-30 असेल, आणि असं तीन-चार दिवस चाललं, तर त्या तारखांना कॅलेंडरवर लाल गोल करतो. पुढचे सात आठवडे ते गोल मला उपयोगी पडतात.

3. फेब्रुवारी संपण्याआधी काय गोळा करायचं

- कमाल-किमान तापमान आणि आर्द्रता दाखवणारं यंत्र. ते नराच्या पाठीच्या उंचीवर टांगायचं. दाराजवळ किंवा छताखाली लावलं तर आकडा फसवा येतो.
- ताप मोजायचा साधा डिजिटल थर्मामीटर, जनावरांसाठी वेगळा ठेवलेला.
- भिंतीवरचं मोठं कॅलेंडर आणि प्रत्येक नराची वेगळी वही: कानातल्या बिल्ल्याचा नंबर, भरवल्याची तारीख, मादीचा नंबर, 21 दिवसांनी उलटली की नाही, व्यायल्यावर जिवंत आणि मेलेली पिल्लं.
- ठिबकची नळी आणि ताशी 4 लिटरचे ड्रिपर, पाण्याच्या मोटरीसाठी टायमर.
- पंखे किंवा कूलर, आणि वीज गेल्यावर चालेल असा इन्व्हर्टर किंवा जनरेटर.
- गोणपाट, हिरवी शेडनेट, चुना.
- लसीकरणाची नोंद आणि विमा असेल तर त्याची कागदपत्रं एकाच पिशवीत. उष्माघाताने जनावर दगावलं तर विमा कंपनीला आणि पशुवैद्यकाला लगेच कळवावं लागतं. शवविच्छेदनाच्या अहवालाशिवाय दावा अडतो.

दोन कामं तारखेशी बांधलेली आहेत. स्वाइन फीवरची लस नराला हिवाळ्यातच देऊन घ्या. लसीनंतर अंग तापतं, आणि ताप कशानेही आला तरी वीर्याला तो ऊनच. दुसरं, नवा नर घ्यायचा असेल तर जानेवारीअखेरीस घ्या. महिनाभर वेगळा ठेवायचा, मग इथल्या हवेची सवय व्हायची. एप्रिलमध्ये आणलेला नर त्या हंगामात कामाचा धरू नका. आणावाच लागला तर प्रवास रात्री आणि गाडीत ओलं गोणपाट.

4. छत: इथे पैसे वाचवू नका

पत्र्याचं छत खालच्या हवेला तापवतंच, शिवाय स्वतः भट्टीसारखी उष्णता खाली फेकतं. पत्रा आणि नराची पाठ यांच्यात अंतर हवं, किमान दहा-बारा फूट. माझं पहिलं शेड साडेसात फुटांचं होतं. ते वाढवायला जो खर्च आला त्यात सुरुवातीलाच चांगलं शेड झालं असतं.

उंची वाढवणं शक्य नसेल तर पत्र्यावर तुराट्या, पऱ्हाटी किंवा उसाचं पाचट यांचा अर्धा-एक फुटाचा थर द्या आणि वर जाळी बांधा. विस्तवापासून मात्र जपा. नुसता चुना मारला तरी फरक पडतो. चुन्यात थोडा फेविकॉल मिसळला तर पहिल्या वळवाने धुऊन जात नाही. शेडची लांबी पूर्व-पश्चिम असावी, म्हणजे ऊन आत कमी शिरतं. पश्चिमेला शेवगा किंवा सुबाभूळ लावा, दोन वर्षांत सावली देतात. पांढऱ्या यॉर्कशायर जातीच्या डुकराचं अंग थेट उन्हात भाजून लाल होतं, कातडी सोलते. गोव्यात अगोंदा गोवन ही काळी देशी जात नोंदलेली आहे. अशी गावठी जनावरं ऊन बरं सोसतात, पण सावली त्यांनाही लागतेच.

5. पाणी आणि वारा: विदर्भात एक, कोकणात दुसरं

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून सावकाश वाचा.

विदर्भ-मराठवाड्यात मे महिन्यातली हवा कोरडी असते. घरात वापरतो तो वुडवूलच्या जाळीचा कूलर नराच्या कप्प्यालाही उत्तम चालतो. मात्र समोरची बाजू उघडी हवी. बंद खोलीत कूलर लावला की दोन तासांत हवा दमट होते आणि गारवा संपतो. बारीक धुकं उडवणारा फॉगरही कोरड्या हवेत काम करतो.

कोकणात आणि गोव्यात पारा 34-35 च्याच आसपास असतो, पण हवेत पाणी भरलेलं. तिथे फॉगर लावला तर धुकं तरंगत राहतं, अंग सुकत नाही आणि नर आणखी धापतो. तिथे मोठ्या थेंबांचं पाणी थेट अंगावर आणि त्यावर जोराचा पंखा. पाणी मिनिट-दोन मिनिटं, मग पंधरा-वीस मिनिटं बंद, म्हणजे अंग सुकायला वेळ मिळतो. गारवा सुकण्याने येतो, नुसतं ओलं राहण्याने नाही.

माझी सगळ्यात स्वस्त सोय ठिबकची आहे. नर जिथे लोळतो त्या जागेवर नळी आडवी बांधली, खांद्यावर आणि मानेवर थेंब पडतील असा ड्रिपर लावला, मागून पंखा. कपाशीच्या वावरातली उरलेली नळी होती, खर्च जवळजवळ नाही. नळी त्याच्या तोंडाला लागणार नाही एवढी उंच बांधा, नाहीतर सकाळी चावलेले तुकडे सापडतात.

पाण्याचं डबकं केलंत तर आठ-दहा इंच खोल पुरे आणि पाणी रोज बदला. साचलेल्या, लघवी मिसळलेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरा हा जंतू पसरतो आणि माद्या गाभडतात. फरशीही सतत ओली राहू देऊ नका. खूर मऊ पडून चिरतात, आणि पाय दुखणारा नर मादीवर चढत नाही.

6. पिण्याचं पाणी आणि खाद्य

मोठ्या नराला दिवसाला 15-20 लिटर पाणी लागतं, उन्हाळ्यात त्याहून जास्त. पाणी पिण्याचा निपल मिनिटाला दीड-दोन लिटर देतो का ते बादली आणि घड्याळ घेऊन मोजा. छतावरची काळी टाकी आणि उन्हातली नळी यांतून दुपारी येणारं पाणी हाताला चटका देतं. ते नर पीत नाही. टाकीला सावली करा, नळी वीतभर जमिनीत गाडा.

हॉटेलचं उरलेलं खायला घालणाऱ्यांसाठी वेगळा इशारा. ते उकळूनच द्या, कारण आफ्रिकन स्वाइन फीवर या वाटेनेही शेडमध्ये शिरतो. त्यात मीठ भरपूर असतं. लोडशेडिंगने मोटार बंद पडली आणि नर दिवसभर पाण्याविना राहिला, तर मिठाची विषबाधा होते: आंधळ्यासारखा भिंतीला डोकं लावून उभा राहतो, झटके येतात. अशा वेळी एकदम पोटभर पाणी पाजू नका, थोडं थोडं द्या आणि पशुवैद्यकाला बोलवा.

खाद्य पहाटे पाचला आणि रात्री आठनंतर. अन्न पचतानाही अंगात उष्णता तयार होते, ती दुपारच्या उष्णतेत मिसळू देऊ नका. जीवनसत्त्व ई, सेलेनियम आणि झिंक असलेलं क्षारमिश्रण मार्चपासून सुरू करा. मात्रा पशुवैद्यकाकडून ठरवून घ्या, सेलेनियम जास्त झालं तर विषारी असतं. आणि नराला लठ्ठ होऊ देऊ नका.

7. उन्हाळ्यात भरवताना

भरवणं पहाटे उजाडताना किंवा सूर्य मावळल्यावर तासाभराने, खाद्य देण्याआधी. चढण्याची मेहनत झाली की अर्धा तास त्याला ठिबकखाली एकटं सोडा. मोठ्या नराला उन्हाळ्यात आठवड्याला दोन-तीनपेक्षा जास्त वेळा वापरू नका, वर्षाच्या आतल्या नराला एकदाच.

लाल गोल केलेल्या तारखांनंतरच्या सात आठवड्यांत मी एका नरावर विसंबत नाही. पहिल्या वेळी एक नर, बारा ते चोवीस तासांनी दुसरा. याने पिल्लांचा बाप कोण ते कळत नाही, म्हणून पैदाशीसाठी ठेवायच्या पिल्लांच्या आईला हे करू नका.

कृत्रिम रेतनाचा पर्याय चांगला आहे, कारण त्यातली वीर्याची मात्रा गारव्यात ठेवलेल्या नराची असू शकते. पण एक सापळा आहे. डुकराचं वीर्य 15 ते 18 अंशांवर ठेवायचं असतं. घरातल्या फ्रिजमध्ये, 4 अंशांवर, शुक्राणू थंडीने मरतात. बर्फाला बाटली टेकवून आणली तरी तेच. थर्माकोलच्या खोक्यात बर्फाची पिशवी कापडात गुंडाळून, मध्ये पुठ्ठा घालून, आत थर्मामीटर ठेवून आणा. माझ्या ओळखीच्या एका तरुण मुलाने मे महिन्यात दहा मात्रा फ्रिजमध्ये ठेवल्या. एकही मादी राहिली नाही.

8. रोज नर पाहायचा तो असा

दुपारी दोनला शेजारी उभं राहून बरगड्या मोजा. निवांत पडलेल्या नराचा श्वास मिनिटाला वीसच्या आसपास असतो. चाळीसच्या वर गेला की पाणी आणि पंखा वाढवा. तोंड उघडं टाकून धापतो, फेस येतो, पाय लटपटतात, गुदद्वारातलं तापमान 41 च्या वर, हा उष्माघात. त्याला उठवून चालवू नका, जागीच सावली करा. साधं पाणी आधी पायांवर, पोटाखाली, मग मानेवर, सोबत पंखा. बर्फाचं पाणी एकदम ओतू नका, कातडीतल्या रक्तवाहिन्या आखडतात आणि आतली उष्णता आतच कोंडते. पशुवैद्यकाला फोन लगेच करा. वाचला तरी त्या नराचं वीर्य पुढचे दोन महिने भरवशाचं नाही.

ऊन लागलंय की आजार, हे पहाटे कळतं. मोठ्या नराचं तापमान सहसा 38.5 च्या आसपास. रात्रभर गार हवा लागूनही पहाटे 40 असेल, तर तो ताप आजाराचा समजा. एकाहून जास्त जनावरं अशी दिसली, कानांवर-पोटावर लाल-निळे डाग आले, तर थांबू नका. शेडमधली ये-जा बंद करून सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा.

उन्हाचा त्रास वीर्यापुरता नसतो. नर कमी खातो, उतरतो. आतड्याचं अस्तर कमकुवत होऊन त्यातले जंतू आणि विषारी द्रव्यं रक्तात शिरायला वाट मिळते, रोगाशी लढायची ताकद घटते. पावसाच्या सुरुवातीला खोकला-जुलाब वाढतात त्यामागे हेही असतं.

9. पाऊस पडल्यावर मोजणी

माद्या उलटल्या तर किती दिवसांनी उलटल्या ते पाहा. बरोबर 18 ते 24 दिवसांत उलटली, तर बहुधा गर्भ धरलाच नाही. अशा माद्या एकाच नराच्या वहीत गोळा होत असतील तर नर तपासा. पंचविसाव्या दिवसानंतर, आडव्यातिडव्या तारखेला उलटली, तर गर्भ धरून गेला. त्याला मादीला स्वतःला लागलेलं ऊन, आजार आणि नराचं बिघडलेलं वीर्य यांपैकी काहीही कारण असू शकतं.

वीर्य तपासायला जवळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय किंवा सूक्ष्मदर्शक असलेला पशुवैद्यक गाठा. 70 टक्क्यांहून जास्त शुक्राणू जोमाने पळणारे आणि सदोष 20 टक्क्यांच्या आत, एवढं असलं तर काम भागतं. वीर्य पिशवीभर निघालं म्हणून खुश होऊ नका. डुकराचं वीर्य एका वेळी पाव लिटरही निघतं, त्यातला मोठा भाग नुसतं पाणी आणि गोंद असतो. नमुना गार पडू न देता न्या, काचही कोमट हवी, नाहीतर चांगले शुक्राणूही निपचित दिसतात.

नमुना जूनअखेर वाईट आला म्हणून नर विकू नका. मी विकला होता. जुलै महिना, हातात वाईट अहवाल, शेडमध्ये उलटलेल्या माद्या. शेजारच्या तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने तो मांसाच्या भावात नेला आणि कापायच्या ऐवजी ठेवला. पुढच्या वर्षी मी त्याच्याकडे गेलो तेव्हा त्या नराची अकरा पिल्लं आईला लुचत होती.

उन्हाने झालेला बिघाड बहुतेक वेळा भरून निघतो, त्याला फक्त वेळ लागतो. शेवटच्या लाल तारखेपासून सात-आठ आठवडे मोजा. 12 जूनला गारवा आला असेल तर ऑगस्टचा पहिला आठवडा. तेव्हा एक नमुना, त्यानंतर दोन आठवड्यांनी दुसरा. दोन्ही वाईट आले, किंवा एक वृषण लहान, कडक लागत असेल, तर त्याला काढा. नाहीतर वहीत तारीख टाका आणि त्याला माद्या दाखवायला लागा.